पिशवीच्या भिंतीची गोष्ट

आजच्या विषयाचं नाव जरा अवघड आहे: पॉलिमरसोम. म्हणजे पॉलिमरपासून केलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या. त्यांत कॅन्सरचं औषध भरायचं आणि शिरेतून शरीरात सोडायचं. हा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा पॉल एर्लिखपासून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी या जर्मन शास्त्रज्ञानं 'जादूच्या गोळी'ची कल्पना मांडली. रोगजंतूला नेमकी लागेल आणि रोग्याला धक्का लावणार नाही, अशी गोळी. आपण मात्र आज दुसऱ्या टोकाकडून येऊ. कारण या इतिहासात नेम साधण्यापेक्षा वाचवण्याचं काम जास्त झालं, असं आम्हाला वाटतं.

वाचवायचं काय होतं? हृदय. 1960च्या दशकात इटलीतल्या फार्मितालिया कंपनीच्या संशोधकांनी मातीतल्या जिवाणूपासून डॉक्सोरुबिसिन मिळवलं. एड्रियाटिक समुद्रावरून त्याचं नाव पडलं अ‍ॅड्रियामायसिन. स्तनाचा कॅन्सर असो की लिम्फोमा, औषध गुणकारी ठरलं. पण ते हृदयाच्या स्नायूलाही इजा करतं आणि ही इजा साठत जाते. म्हणून डॉक्टर रोग्याच्या आयुष्यभरातल्या एकूण डोसचा हिशेब ठेवतात. म्हणजे बघा, गाठ लहान होतेय, औषध लागू पडतंय, आणि तरी एका टप्प्यावर ते थांबवावं लागतंय.

याच दशकात इंग्लंडमध्ये, केंब्रिजजवळच्या बॅब्रहम इथं, अ‍ॅलेक बँगहॅम वेगळ्याच कामात होते. पेशीच्या आवरणात असतात तसले स्निग्ध रेणू पाण्यात मिसळले की त्यांच्या आपोआप बंद पिशव्या होतात, हे त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. या रेणूचं एक टोक पाण्याकडे धावतं, दुसरं पाण्यापासून पळतं. त्यातूनच दुपदरी भिंत उभी राहते. या पिशव्या म्हणजे लिपोसोम. पुढे 1970च्या दशकात ग्रेगोरी ग्रेगोरियाडिस यांनी त्यांत औषधं भरायचा मार्ग दाखवला.

पण अडचण आली. ही भिंत गळकी, आणि यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी अशा पिशव्या रक्तातून झटकन उचलून नेतात. उपाय म्हणून पिशवीवर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचे धागे बसवले. त्यांच्याभोवती पाण्याचा थर धरतो आणि भक्षक पेशींना पिशवी ओळखायला वेळ लागतो. जेरुसलेममधल्या बारेनहोल्झ आणि गॅबिझॉन यांच्या कामातून घडलेल्या डॉक्सिलला 1995 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पिशवी साधारण 80 ते 100 नॅनोमीटरची, आत तेच जुनं डॉक्सोरुबिसिन.

मग झालं काय? पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये साध्या औषधाशी तुलना झाली, तेव्हा परिणाम जवळपास सारखाच निघाला. हृदयाची इजा मात्र बरीच कमी झाली. त्याबदली तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढला. गोळी काही जादूची झाली नाही. पण ज्याचं हृदय वाचलं, त्याला हे थोडं वाटेल का?

आता पॉलिमरसोमकडे वळू. 1995 साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात झँग आणि आयझेनबर्ग यांनी दोन स्वभावांच्या पॉलिमरांची जोडसाखळी घेतली आणि तिच्यापासून पाण्यात पिशव्या होतात असं दाखवलं. 1999 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डिशर आणि हॅमर यांच्या गटानं अशा पिशव्यांना 'पॉलिमरसोम' म्हटलं. भिंत सुमारे 8 नॅनोमीटर जाड, म्हणजे लिपोसोमच्या जवळपास दुप्पट. कितीतरी जास्त ताण सोसणारी, पाणीही फार कमी झिरपू देणारी.

पण मजबूत भिंतीचंही एक दुखणं असतं. औषध आत राहिलं, ते बाहेर कसं काढायचं? मग पाण्यात हळूहळू विरघळत जाणारे पॉलिमर भिंतीत मिसळले. पेशीच्या आतल्या आम्लात ते लवकर तुटतात, भिंतीला भोकं पडतात. 2006 साली अशा पिशवीच्या पोकळीत डॉक्सोरुबिसिन आणि भिंतीत पॅक्लिटॅक्सेल, असं दोन्ही एकत्र भरून उंदरांमधल्या गाठी आक्रसवल्या गेल्या.

एवढं होऊनही डॉक्सिलसारखं रोजच्या वापरातलं पॉलिमरसोमचं औषध कॅन्सर वॉर्डात आलेलं नाही. 2016 साली दहा वर्षांच्या शोधनिबंधांचा आढावा निघाला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी प्राण्यांच्या गाठीपर्यंत पोचणारा मध्यक वाटा भरला 0.7 टक्के. पिशवी कोणतीही असो, बाकीचं औषध इतरत्रच जातं.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. नव्या पिशवीची बातमी आली की 'गाठीला किती लागलं' हे विचाराच, पण त्याबरोबर 'उरलेलं कुठे गेलं आणि तिथं काय वाचलं' हेही विचारा. डॉक्सिलचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नावरच उभा आहे.