दोन ओढ्यांमधलं गाव: प्रोव्हँची प्रदक्षिणा

आजचं व्याख्यान बसून ऐकायचं असलं तरी मनाने चालत चालत करायचं आहे. पॅरिसच्या आग्नेयेला साधारण ऐंशी किलोमीटरवर प्रोव्हँ नावाचं एक गाव आहे. वस्ती जेमतेम बारा हजार. गार द लेस्त स्थानकातून लोकल गाडी पकडली की दीड तासाच्या आत आपण तिथे. 2001 मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेही ‘मध्ययुगीन व्यापारी जत्रांचं नगर’ म्हणून. हे शब्द लक्षात ठेवा. किल्ल्याचं नगर किंवा राजधानी असं कुणी म्हटलेलं नाही.

गंमत अशी की येणारे बहुतेक पाहुणे स्टेशनवरून तडक वरच्या पेठेत चढतात. तट बघतात, बुरूज बघतात, घोडेस्वारांचे आणि बहिरी ससाण्यांचे खेळ बघतात, गुलाबाचा जॅम घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत. त्यात वाईट काहीच नाही. पण या क्रमाने गेलं की एक प्रश्न विचारायचा राहून जातो: एवढा तट बांधायला पैसा आला कुठून? उत्तर खाली आहे, पाण्यात. म्हणून आपण उलट्या बाजूने सुरुवात करू. आधी खालची पेठ, मग एका नदीच्या कडेने गावाबाहेर, वरून पठार ओलांडून दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात, आणि सगळ्यात शेवटी टेकडी.

‘नदी’ हा शब्द इथे जरा मोठाच होतो. वूल्झी आणि द्युर्तँ या दोघींना आपण सरळ ओढे म्हटलं असतं. एजेसिप मोरो हा एकोणिसाव्या शतकातला कवी याच गावात वाढला आणि त्याने वूल्झीवर लिहिलेली कविता फ्रान्समध्ये प्रसिद्ध आहे. पण त्याच्या प्रेमाने नदीची रुंदी काही वाढत नाही. द्युर्तँ टेकडीच्या पायथ्याला वळसा घालून येते, वूल्झी दुसऱ्या बाजूने, गावातच दोघी भेटतात आणि पुढे सेन नदीकडे निघून जातात. मात्र या ओढ्यांची एक खुबी आहे. त्या चुनखडीच्या झऱ्यांवर पोसलेल्या आहेत. पठारावर पडलेला पाऊस खडकात मुरतो आणि हळूहळू, वर्षभर बाहेर येत राहतो. उन्हाळ्यात आटायचं नाही, हिवाळ्यात सहसा गोठायचं नाही. गिरणीवाल्याला, रंगाऱ्याला आणि चांभाराला याहून जास्त काय हवं?

खालच्या पेठेची जमीन मुळात दलदलीची. सँ-आयूलचा मठ अकराव्या शतकात या पाणथळ जागेत उभा राहिला आणि त्याच्याभोवती वस्ती जमली. लोकांनी पाट खणले, पाणी वळवलं, चिखल सुकवला. पुढे गावाभोवती जे कालवे काढले त्यांना तिथले लोक आजही ‘खोट्या नद्या’ म्हणतात. त्यांनी दोन कामं केली: पेठेतलं पाणी बाहेर काढलं आणि शत्रूसाठी खंदकही झाला. आज त्या पाटांच्या कडेने चालताना घरांच्या पाठभिंती थेट पाण्यातून उठलेल्या दिसतात. पाठभिंती म्हणजे कामाची बाजू. दर्शनी बाजूला दुकान, मागे धुणं, भिजवणं, रंगवणं.

इथे थोडं थांबू. प्रोव्हँचं नाव झालं ते लोकरीच्या कापडाने. मागावरून उतरलेलं लोकरी कापड तेलकट, विरळ आणि खरखरीत असतं. ते पाण्यात भिजवून, तुडवून किंवा पाणचक्कीच्या लाकडी हातोड्यांखाली कुटून घट्ट करावं लागतं. आणि त्यातला तेलकटपणा काढायला एक विशिष्ट माती लागते, जिला आपल्याकडे मुलतानी माती म्हणतात त्याच जातीची. आपण ती चेहऱ्याला लावतो, यांनी ती कापडाला लावली. ही माती प्रोव्हँला बाहेरून आणावी लागत नव्हती. वरच्या पेठेच्या पोटातच होती. टेकडीखाली जे भुयारांचं जाळं आहे आणि ज्याच्याभोवती गुप्त पंथांच्या कितीतरी कथा गुंफल्या गेल्या, त्यातला मोठा भाग या मातीच्या खाणकामातून तयार झाला असं मानलं जातं. नंतर माल ठेवायला तळघरं म्हणून त्यांचा उपयोग झाला. म्हणजे खाली पाणी, वर माती आणि मध्ये चढ-उतार करणारा माणूस. आमच्या मते या गावाची खरी तटबंदी हीच होती.

आता गाव सोडून वूल्झीच्या काठाने वर निघू. खोरं अरुंद आहे, विलो आणि पॉप्लरची झाडं, ओलसर कुरणं. खोऱ्यातून चढून वर आलो की एकदम सपाटी लागते. हे ब्रीचं पठार. नजर जाईल तिथवर गहू. पायी चालणाऱ्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो, लपवण्यात अर्थ नाही. पण बाराव्या-तेराव्या शतकात याच सपाटीवरून फ्लँडर्सचे कापडवाले उत्तरेकडून आणि इटलीचे सावकार दक्षिणेकडून येत होते. तेव्हा जत्रांबद्दल इथेच बोलू.

‘जत्रा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देवाची यात्रा, पाळणे आणि रेवड्या येतात. शँपेन प्रांताच्या जत्रा सुरू झाल्या संतांच्या सणांच्या आधारानेच, पण त्यांचं स्वरूप घाऊक बाजारपेठेचं होतं. वर्षभरात सहा जत्रा, चार गावांत, पाळीपाळीने. जानेवारीत लान्यी, मग बार-स्युर-ओब, मे महिन्यात प्रोव्हँ, उन्हाळ्यात त्र्वा, सप्टेंबरात पुन्हा प्रोव्हँ आणि वर्षअखेरीला पुन्हा त्र्वा. एक संपली की दुसरी. प्रत्येक जत्रा काही आठवडे चालायची आणि तिची शिस्त ठरलेली: आधी माल उतरवून मांडायचे दिवस, मग कापडाची विक्री, मग कातड्याची, मग मसाल्यांसारख्या वजनावर विकायच्या मालाची आणि शेवटी हिशेब चुकते करायचे दिवस. या शेवटच्या दिवसांना हळूहळू इतकं महत्त्व आलं की माल कमी आणि देणीघेणी जास्त असा प्रकार झाला. मे महिन्यातली जत्रा टेकडीवर भरायची, सप्टेंबरातली खाली सँ-आयूलच्या परिसरात.

पण व्यापारी इथेच का आले? जागा दोन टोकांच्या मध्ये होती हे खरं, तरी तशा जागा पुष्कळ होत्या. फरक पडला तो शँपेनच्या काउंटांमुळे. तिबो दुसरा आणि त्याचा मुलगा आँरी, ज्याला लोक ‘दानशूर’ म्हणत, यांनी एक साधी गोष्ट ओळखली: व्यापाऱ्याला लुटण्यापेक्षा त्याला सुरक्षित पोहोचवण्यात जास्त कमाई आहे. जत्रेला येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेत संरक्षणाची हमी मिळाली. जत्रेवर देखरेख करायला अधिकारी नेमले गेले, आणि तिथे केलेला करार मोडून जो पळाला त्याचा पाठपुरावा त्याच्या गावापर्यंत व्हायचा. त्याच्या गावाने दाद दिली नाही तर त्या गावच्या सगळ्याच व्यापाऱ्यांना जत्रेची दारं बंद. हे हत्यार तलवारीपेक्षा धारदार ठरलं. प्रोव्हँच्या टांकसाळीतलं नाणं, ज्यावर फणीसारखं चिन्ह असे, ते इतकं चाललं की बाराव्या शतकाच्या अखेरीस खुद्द रोमच्या सिनेटने त्याची नक्कल पाडली. दोन ओढ्यांच्या गावासाठी हे काही कमी नाही.

पठार ओलांडून आता द्युर्तँच्या खोऱ्यात उतरू. या बाजूने परत येताना समोर टेकडी वाढत जाते आणि प्रोव्हँ पहिल्यांदा व्यापाऱ्याला कसं दिसलं असेल ते कळतं: सेझर बुरूज, म्हणजे खाली चौकोनी आणि वर अष्टकोनी असा बाराव्या शतकातला टेहळणीचा आणि तुरुंगाचा मनोरा, आणि त्याच्या शेजारी सँ-किरियासचं चर्च. खोऱ्याच्या पलीकडच्या उतारावर जोगिणींचा मठ आहे, चौथ्या तिबोने 1248 मध्ये स्थापलेला. हा तिबो स्वतः गीतकार होता. धर्मयुद्धावरून येताना त्याने गुलाबाचं रोप आणलं अशी दंतकथा गावात सांगतात आणि जॅमच्या बाटलीवरही छापतात. औषधी गुलाबाचा धंदा मात्र इथे खरोखरच शतकानुशतकं चालला.

चढ चढून वेशीतून आत आलो की तट लागतो. वरच्या पेठेचा सुमारे 1200 मीटर तट अजून उभा आहे, बराचसा तेराव्या शतकातला. याच्या आतल्या बाजूला एक जाड भिंतींची दगडी इमारत आहे, ‘दशमांशाचं कोठार’. नाव ऐकून धान्याचं गोदाम वाटेल, आणि पुढे तसा वापर झालाही. पण जत्रांच्या भरभराटीत सँ-किरियासचे धर्माधिकारी ती तुलूझच्या व्यापाऱ्यांना भाड्याने देत. उंबेर्तो एको यांची ‘फूकोज पेंड्युलम’ ही कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना आठवेल, प्रोव्हँमध्ये सापडलेला एक कागद टेम्पलर सरदारांचं जगबुडवं कारस्थान म्हणून वाचला जातो, आणि शेवटी एक समजूतदार बाई दाखवते की ती बहुधा गवत, कापड आणि गुलाब पोचवण्याची व्यापाऱ्याची यादी आहे. एकोंनी गाव बरोबर निवडलं.

आता सँ-किरियासमध्ये जाऊ. आत शिरताच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पूर्वेकडचा भाग कॅथेड्रलला शोभेल असा भव्य, आणि सभामंडप मध्येच संपलेला. जमीन होती, आराखडा होता, पैसा संपला. ही अर्धवट इमारत म्हणजे या गावाची जमाखर्चाची वही आहे.

पैसा का संपला याची एक गोष्ट खालच्या पेठेत घडली. 1270 च्या दशकात शँपेनची वारस झान ही लहान मुलगी होती. तिची आई ब्लांश हिने इंग्लंडच्या राजाचा भाऊ एडमंड लँकेस्टर याच्याशी दुसरं लग्न केलं आणि मुलीच्या वतीने प्रांताचा कारभार एडमंडकडे आला. कापडाचा धंदा आधीच ओढगस्तीला लागलेला, त्यात करांचा भार. नगराध्यक्ष गियोम पांतकोत याने कापडवाल्या मालकांच्या सोयीचा उपाय काढला: काम सुटल्याची संध्याकाळची घंटा उशिरा वाजवायची. मजुरी तीच, दिवस लांब. 1281 मध्ये विणकर आणि कापड कुटणारे कामगार उठले आणि त्यांनी पांतकोतला ठार मारलं. एडमंडने बंड कठोरपणे मोडून काढलं आणि काही काळाने माफी दिली.

या घटनेकडे आम्ही दंगल म्हणून पाहत नाही. तोवर वेळ मठाची होती, प्रार्थनेच्या घंटांनी मोजलेली. कापडाच्या गावांत ती मालकाची झाली. जाक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकाराने ‘चर्चचा वेळ’ आणि ‘व्यापाऱ्याचा वेळ’ हा फरक मांडला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे अशीच गावं होती. तटावर उभं राहिलेला पाहुणा प्रोव्हँचा शत्रू बाहेर शोधतो. प्रोव्हँमधला सगळ्यात कडवा संघर्ष मात्र तटाच्या आत, संध्याकाळच्या उजेडावरून झाला. चौकाचौकांत घोडेस्वारांची चित्रं आहेत. कापड तुडवणाऱ्यांचं काय? त्यांना भेटायचं तर खालच्या पाटांच्या कडेलाच जावं लागतं.

पुढचं भराभर सांगतो. झानचं लग्न 1284 मध्ये झालं, पुढच्या वर्षी तिचा नवरा चौथा फिलिप म्हणून फ्रान्सचा राजा झाला आणि शँपेन राजघराण्याशी जोडलं गेलं. राजाला जत्रांमधून येणारा पैसा हवा होता, पण काउंटांचा धीर त्याच्याकडे नव्हता; फ्लँडर्सशी युद्ध काढून त्याने आपल्याच बाजारातलं मोठं गिऱ्हाईक दुखावलं. दरम्यान जिनोव्हाची जहाजं समुद्रमार्गाने थेट उत्तरेकडे जाऊ लागली होती, आणि इटलीच्या पेढ्यांनी पॅरिस-ब्रूजमध्ये कायमचे मुनीम बसवले. हुंडी पोचत असेल तर मालकाने स्वतः खेचरावर बसून का यावं? चौदाव्या शतकात जत्रा भरत राहिल्या, पण जीव गेलेला होता.

टेकडी उतरून पुन्हा पाण्याजवळ येऊ. पाट वाहतायत, चक्क्या थांबल्यात. मात्र या पाण्याचा धंदा संपलेला नाही. 1920 च्या दशकात पॅरिस शहराने वूल्झी आणि द्युर्तँचे झरे उगमाजवळच बांधून घेतले आणि जलवाहिनीने राजधानीकडे नेले. आजही पॅरिसच्या नळाला येणाऱ्या पाण्यात इथला वाटा आहे. आणि मघाशी ज्या गव्हाच्या सपाटीला आपण कंटाळवाणी म्हटलं, तिथे टाकलेली खतं आणि औषधं खडकातून झिरपत याच झऱ्यांत उतरतात. म्हणून पॅरिसचा पाणीपुरवठा विभाग आता ब्रीच्या पठारावरच्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीकडे वळण्यासाठी पैसे देऊ करतो. ती बोलणी वरच्या शिवारात चालू आहेत, तटापासून बरीच दूर.