चाकाविना घाट : कल्याण, नाणेघाट आणि तांड्यांच्या वाटा

कोणत्याही प्रदेशाचा दळणवळणाचा इतिहास लिहिताना रस्ता म्हणजे गाडीरस्ता असे गृहीत धरण्याची सवय अभ्यासकांना जडलेली आहे. उत्तर कोकणाच्या बाबतीत हे गृहीत फसवे ठरते. ठाणे व कल्याण या बंदरांतून देशावर चढणारा माल कित्येक शतके चाकावर नव्हे, तर बैलाच्या पाठीवर गेला. आणि या व्यवहाराच्या ज्या वाटा आज उरल्या आहेत, त्यांवर चाक कधीच फिरले नाही. या वाटा वाहनरहित का राहिल्या, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ‘दुर्गम होत्या म्हणून’ हे त्याचे नेहमीचे उत्तर अपुरे आहे.

मराठी भाषेने हा भेद चांगला जपला आहे. पाऊलवाट, गाडीवाट, पाणंद, सडक हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. प्रत्येकात वाटेची रुंदी आणि तिच्यावरून जाणारा, दोन्ही सांगितलेले असतात. सह्याद्रीच्या कड्यावर तर घाट, नाळ, खिंड, दार अशी निराळीच परिभाषा आहे. मुरबाडच्या बाजूने वर पाहिले असता नाणेघाटाजवळच ‘भोरांड्याचे दार’ लागते, दक्षिणेस अहुपे घाट आणि उत्तरेस माळशेज. यांपैकी कोणत्या चढणीवर भारवाहू बैल जातो आणि कोणत्या चढणीवर केवळ माणूस जातो, याची जाण घाटाखालच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या होती. 1882 साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरलाही घाटांचे वर्णन करताना गाडी, लादलेला बैल आणि पादचारी यांच्यातील हा फरक लक्षात घ्यावा लागला.

प्राचीन पुराव्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा पुरावा एका ग्रीक ग्रंथात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रचलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण आणि तगर येथील माल भडोचकडे गाड्यांतून आणि वाट नसलेल्या मोठ्या प्रदेशांतून उतरवला जातो, असा आशय आहे. गाडी आणि बिनवाट मुलूख यांचा एकाच वाक्यातील हा उल्लेख पुष्कळांना खटकला. काहींनी तेथे पाठदोषाचीही शंका घेतली. परंतु सह्याद्रीची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यात विसंगती दिसण्याचे कारण नाही. पठारावर गाडी चालते, कड्याशी ती थांबते आणि तेथून माल पाठीवर चढतो. त्याच ग्रंथात कल्याणसंबंधी असेही सांगितले आहे की, थोरल्या सारगानसाच्या काळी ती रीतसर बाजारपेठ होती. पण सांदनेसाच्या हाती गेल्यावर तिच्यावर निर्बंध आले आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. म्हणजे बंदराचे भवितव्य केवळ खाडीच्या खोलीवर नव्हे, तर पाठीमागच्या घाटांवर कोणाची सत्ता आहे यावरही ठरत होते. कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत. सहाव्या शतकातील कॉस्मस यानेही ‘कल्लियाना’ हे मोठे बंदर म्हणून नोंदविले आहे.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे, वैशाखरे असा मार्ग धरला की नाणेघाटाचा पायथा येतो. तेथून जुन्नरच्या पठारापर्यंतची चढण खडकात खोदलेल्या व दगडांनी बांधलेल्या पायऱ्यांची आहे; वाटेत पाण्याची टाकी आहेत; माथ्याशी कातळाच्या चिंचोळ्या खिंडीतून वाट वर निघते. खिंडीच्या तोंडाशी जी लेणी आहे तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा सुप्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. 1828 च्या सुमारास कर्नल साइक्स याने त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचा अभ्यास केला आणि 1883 साली ब्यूलर याने तो संपादून प्रसिद्ध केला. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नायनिका व सिरि सातकनि, महारठी त्रनकयिर इत्यादींची नावे आहेत; त्यांखालील मूर्ती मात्र पावलांच्या अवशेषांपलीकडे उरलेल्या नाहीत.

येथे एका रूढ समजुतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत आणि म्हणून या घाटास ‘नाणेघाट’ म्हणत, असे सर्रास सांगितले व छापले जाते. कथा मोहक आहे, पण लेखात तिला आधार नाही. लेखाचा विषय यज्ञ हा आहे : अश्वमेधादी क्रतू, आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणे यांच्या दक्षिणा. जकातीचा त्यात शब्द नाही, व्यापाऱ्याचा नाही, बंदराचाही नाही. तथापि ज्या लेखात व्यापाराचा उल्लेख नाही, तोच व्यापाराचा सर्वांत बोलका साक्षी ठरतो. कारण राजकुळाने आपल्या वैभवाची ही दीर्घ यादी राजधानीत नव्हे, तर रहदारीच्या खिंडीत कोरविली. वाचणारे लोक जेथून जात तेथेच असा लेख कोरण्यात अर्थ होता. रांजणाच्या दंतकथेपेक्षा स्थळाचा हा पुरावा अधिक भरवशाचा आहे. घाटांवर जकात घेतली जात असे हे मराठेशाहीच्या काळापुरते निर्विवाद आहे, आणि ‘घाटपांडे’ हे आडनाव त्या व्यवस्थेची खूण म्हणून अद्याप टिकून आहे. परंतु अठराव्या शतकातील व्यवस्था सातवाहनांच्या माथी मारणे ही इतिहासाची पद्धत नव्हे.

पायऱ्यांकडे मात्र लेखाइतकेच लक्ष पुरविले पाहिजे. पायरी हा चाकाच्या अभावाचा शिलालेखच होय. दक्षिण अमेरिकेतील इंका साम्राज्याने हजारो मैलांचे मार्ग बांधले. त्यांना वाहतुकीचे चाक माहीत नव्हते, लामा हे त्यांचे भारवाहू जनावर, आणि म्हणून त्यांचे मार्ग चढणीवर बेधडक पायऱ्यांनी चढतात. सातवाहनांच्या मुलखात गाड्या होत्या. तरीही नाणेघाट बांधणाऱ्यांनी गाडीसाठी वळणे घेत जाणारी, सौम्य उताराची वाट न काढता सरळ पायऱ्या खोदल्या. हे अज्ञान नव्हे. बसाल्टच्या उभ्या कड्यात गाडीसाठी मार्ग फोडण्याचा खर्च आणि दरवर्षीच्या पावसाळ्यात होणारी त्याची पडझड यांपेक्षा बैलाच्या पाठीवर गोण्या लादणे स्वस्त पडत होते, इतकाच याचा अर्थ. वंजारी व लमाण यांचे तांडे पावसाळा संपला की मीठ आणि सुकी मासळी वर नेत आणि धान्य खाली आणीत. ठाणे-भाईंदरच्या मिठागरांतील मीठ देशावरच्या गावांत पोहोचविणारी यंत्रणा ती हीच.

हे गणित एकोणिसाव्या शतकात बदलले. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि पुढल्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. तेथून रूळ दुभंगले : एक शाखा कर्जतच्या बाजूस वळून बोरघाट चढली, दुसरी कसाऱ्याहून थळघाटात गेली. बोरघाटातील मार्ग 1863 साली व थळघाटातील 1865 साली खुला झाला. दोन्ही घाटांत 37 फुटांस 1 फूट इतका चढ इंजिनांना घ्यावा लागे. कल्याणचे ‘घाटाच्या पायथ्याचे शहर’ हे जुने कार्य त्यामुळे संपले नाही. उलट ते दुणावले. संपले ते कल्याण आणि नाणेघाट यांचे नाते. नकाशावर पाहता रेल्वेच्या या दोन शाखांच्या मधोमध जी पाचर राहते, तीत मुरबाड, वैशाखरे आणि नाणेघाट येतात. जुन्नरचा माल आता नाशिककडून किंवा पुण्याकडून वळसा घालून जाणे सोयीचे झाले. वाट वाहनरहित राहिली याचे कारण ती मागासलेली होती हे नसून, चाकाने तिच्या दोन्ही बाजूंनी जाण्याचे ठरविले हे होय. विसाव्या शतकात मोटारीला कल्याणहून थेट नगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, चढण्याची गरज पडली तेव्हा तिने माळशेजचा घाट निवडला. नाणेघाटाला चाकाने दुसऱ्यांदा डावलले.

याच प्रदेशात दुसऱ्या प्रकारच्या वाहनरहित वाटाही निर्माण झाल्या, आणि त्यांची कुळकथा अगदी उलट आहे. मुंबईला पाणी पुरविण्यासाठी 1892 साली तानसा तलाव पुरा झाला. त्याचे नळ शहापूर-भिवंडीच्या रानातून ठाण्याकडे आले, आणि त्यांच्या कडेने देखभालीची वाट आली. पारसिकच्या डोंगरात दगडाच्या खदानी निघाल्या. त्या खदानींच्या खडीने शहरांचे रस्ते झाले, पण त्यांच्या स्वतःच्या वाटा काम थांबताच ओस पडल्या व खड्ड्यांत पाणी साचले. पहिल्या प्रकारच्या वाटा यंत्रयुगाने सोडून दिल्या, दुसऱ्या प्रकारच्या त्यानेच जन्माला घातल्या. आज दोन्ही सारख्याच निर्जन दिसतात, म्हणून दोन्हींना ‘जुनी वाट’ म्हणण्याची चूक सहज होते.

या दोन्ही प्रकारच्या वाटांवर आता एक नवे चाक आले आहे. ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील सायकलस्वार मोटारींची वर्दळ टाळून मुरूम-खडीच्या रस्त्यांनी, बारवीच्या रानातून आणि मुरबाडच्या भातखाचरांमधून फिरतात; जाड टायरची, खडबडीत वाटेसाठी बनविलेली सायकल आता याच कामासाठी विकत मिळते. इतिहासाच्या दृष्टीने यात एक लक्षणीय गोष्ट आहे. बैलगाडीला दोन चाकांच्या अंतराइतकी रुंद वाट लागते. सायकलची चाके एकामागे एक असल्याने तिला लादलेल्या बैलाच्या वाटेहून अधिक रुंदी लागत नाही. तांड्याची वाट वापरू शकणारे पहिले चाक ते हेच. पण वैशाखऱ्याच्या पुढे पायऱ्या लागल्या की तेही खांद्यावर घ्यावे लागते.

घाटमाथ्याची स्थिती निराळी आहे. जुन्नरकडून घाटघरमार्गे मोटाररस्ता लेण्याजवळपर्यंत आला आहे. म्हणजे देशाच्या बाजूने चाक अखेर खिंडीच्या तोंडापर्यंत पोहोचले. फक्त कोकणाची उतरण तेवढी बाकी आहे. त्या उतरणीवर सलग कातळात खोदलेल्या पायऱ्या कोणत्या आणि नंतरच्या काळात सुट्या दगडांनी बांधलेल्या कोणत्या, यांचे टप्पे पृथक् नोंदले पाहिजेत. छिन्नीच्या खुणा, पायऱ्यांची उंची आणि टाक्यांची घडण यांची तुलना जुन्नर परिसरातील लेण्यांशी केल्यास वाटेच्या बांधणीचा कालक्रम लावता येण्यासारखा आहे. दुरुस्तीचा सिमेंट त्यावर पडण्यापूर्वी हे काम व्हावयास हवे.