मुंबईच्या गरोदर बायका आणि लाल गोळी

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची नोंद झाली की तिच्या हातावर गोळ्यांची पाकिटे ठेवली जातात. पहिले तीन महिने फॉलिक ॲसिड, त्यानंतर लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र असलेली लाल गोळी, रोज एक, १८० दिवस. १९७० पासून ही योजना नावे बदलत देशभर चालू आहे. व्हिटॅमिनच्या गोळ्यांना कुणी श्रीमंतांचे चोचले म्हणतो, कुणी कंपन्यांचा धंदा म्हणतो. पुष्कळ गोळ्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण या एका गोळीची कहाणी मुंबईत सुरू होते, आणि तिच्या सुरुवातीला गरीब मुसलमान बायका आहेत. आपल्या समाजाचा इतिहास म्हटला की आपण सुलतान, किल्ले, फर्माने आणि फाळणी यांपलीकडे फारसे जात नाही. या बायका त्यात कुठेच येत नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

१९२० च्या दशकातली मुंबई गिरण्यांची होती. तिथल्या गरीब वस्त्यांत गरोदर बाई दिवस भरत येताना पांढरीफटक पडायची, पायांवर सूज यायची, जिना चढताना धाप लागायची. रक्त तपासले तर तांबड्या पेशी अगदी कमी, आणि ज्या असायच्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या. साध्या लोहाच्या औषधाने हा आजार हटत नसे. कित्येक जणी बाळंतपणाच्या आगेमागे दगावायच्या.

भारतात अनेक वर्षे काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली होती. त्या कामासाठी १९२८ मध्ये लंडनहून डॉ. ल्युसी विल्स मुंबईत आल्या. तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या होत्या, पण त्या काळी केंब्रिज बायकांना पदवी देत नसे. पुढे त्या डॉक्टर झाल्या. मुंबईत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे काम सुरू झाले.

इथे काळ लक्षात घ्यायला हवा. कॅथरिन मेयोचे ‘मदर इंडिया’ १९२७ साली येऊन गेले होते. हिंदुस्थानी बाईच्या प्रत्येक दुखण्याचे खापर तिच्या धर्मावर आणि रूढींवर फोडायची फॅशन होती. मुसलमान बाई म्हटली की पडदा हे उत्तर तयारच असायचे. हाडांच्या बाबतीत त्यात तथ्य होते. बंद घरात ऊन मिळत नाही, ऊन नाही तर डी जीवनसत्त्व नाही, आणि मग हाडे मऊ पडतात. पण या रक्ताच्या आजाराचे काय? विल्स यांनी आधी जंतुसंसर्ग आहे का ते पाहिले. तिथे काही निघाले नाही. मग त्यांनी या बायकांच्या ताटात काय पडते ते पाहिले. तळपदे या सहकाऱ्यासोबत मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी करून त्यांनी १९३० मध्ये ती प्रसिद्ध केली. आजार जास्त होता गरीब मुसलमान बायकांत, आणि त्यांच्या जेवणात प्रथिने कमी, भाजीपाला आणि फळे तर जवळजवळ नाहीतच. मुसलमान म्हणजे रोज गोश्त खाणारा, हा समज आजही आहे. शंभर वर्षांपूर्वी एका डॉक्टरने मोहल्ल्यातली चूल तपासली तेव्हा त्यावर काय शिजत होते, हे अशा समजुती बाळगणाऱ्यांनी जरूर वाचावे.

पुढचा भाग प्रयोगशाळेतला आहे. या बायकांच्या जेवणासारखेच जेवण विल्स यांनी उंदरांना दिले. उंदीर आजारी पडले आणि यीस्ट दिल्यावर सुधारले. पण उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून पसरणारा एक जंतूही त्यांचे रक्त कमी करत होता, त्यामुळे निष्कर्ष डळमळला. मग माकडांवर प्रयोग झाले. मरायला टेकलेल्या एका माकडाला शेवटचा उपाय म्हणून मार्माइट दिले आणि ते तरतरीत झाले, अशी गोष्ट सांगितली जाते. मार्माइट म्हणजे इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात तो काळपट, चिकट, खारट यीस्टचा अर्क. तेच मुंबईच्या गरोदर रुग्णांना दिले गेले आणि काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आले. त्याआधी अशा आजारांवर ठाऊक असलेला उपाय म्हणजे रोज भरपूर कलेजी खाणे, आणि तो गरिबाला परवडणारा नव्हता. मार्माइट स्वस्त होते.

हे यीस्ट बिअरच्या भट्टीत उरलेले असते. आज जिलेटिनची कॅप्सूल हलाल की हराम, यावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसच्या दिवस चर्चा चालते. चर्चा करावी, पण जीव वाचवण्याच्या निकडीत शरीअतने मुभा दिली आहे, हेही मौलानाच सांगतात. ते सहसा कुणी फॉरवर्ड करत नाही.

मार्माइटमध्ये नेमके काय होते, ते तेव्हा कळले नाही. त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालक आटवून एक पदार्थ मिळवला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड असे नाव दिले. विल्स फॅक्टर तो हाच. १९४५ मध्ये लेडरली कंपनीत आंध्रच्या भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या चमूने तो कृत्रिमरीत्या बनवला, आणि गोळी शक्य झाली. मुंबईच्या ज्या बायकांना पालक-मेथी मिळत नव्हती, त्यांच्या रक्तात उणीव होती ती पालेभाजीतल्याच या घटकाची. संशोधनाला नाव मिळाले विल्स यांचे, आणि ते योग्यच झाले. त्या बायकांची नावे मात्र कुणी सांगत नाही.

गोळीला मर्यादाही आहेत. भरपूर फॉलिक ॲसिड घेतले आणि बी१२ कमी असले, तर रक्ताचे आकडे सुधारलेले दिसतात, पण नसांचे नुकसान आतल्या आत चालू राहू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. ज्या आयांमध्ये गरोदरपणी बी१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक दिसले. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. म्हणजे गोळीने ताटातली एक उणीव भरते, ताट भरत नाही. कलेजीचेही तसेच. तिच्यात फोलेट आणि लोह भरपूर, पण ए जीवनसत्त्व इतके की गरोदरपणी ती वरचेवर खाऊ नये असे डॉक्टर सांगतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमियाच्या निघाल्या, गरोदर बायकांत ५२ टक्के. गोळ्या फुकट आहेत, घरपोच येतात, तरी हा आकडा. आमच्या मोहल्ल्यात मी विचारून पाहिले तर कारणे साधी होती. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते म्हणून भीती वाटते, सासू म्हणते बाळ मोठे होईल आणि सिझर करावे लागेल. काळे होणे हा लोहाचाच परिणाम आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. ती लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी. एवढे सांगणारे कुणी हवे असते. आशाताई सांगतात, पण त्यांच्याकडे घरे फार.

एक गोष्ट तर लग्नाच्या आधीच सांगायला हवी. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या चाचणीत दिसले की मज्जारज्जूच्या जन्मजात व्यंगाचे बाळ आधी झालेल्या बायकांनी पुन्हा दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तर ते व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. बाळाची मज्जानलिका गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत बंद होते. तेव्हा पाळी चुकल्याचेही अनेकींच्या ध्यानात आलेले नसते. म्हणून मूल हवे असे ठरले, की तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे दवाखान्यात पहिली नोंद होते ती बहुधा तिसऱ्या महिन्यात.