पैशाचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. लहानपणी ही म्हण आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकली (बहुतेक वेळा नवी चप्पल मागितल्यावर!) की तिची दुसरी बाजू कधी मनातच आली नाही. पैशाचं सोंग आणता येत नसेल, पण पैशासाठी सोंग मात्र आणता येतं. आपल्या जत्रा-बाजारांत ते पिढ्यान् पिढ्या आणलं गेलंय. आज थोडं त्याबद्दल.

हल्ली 'ट्रेड फेअर' म्हटलं की डोळ्यासमोर मोठा मंडप, गळ्यात ओळखपत्रं आणि हातात फुकटच्या पिशव्या येतात. पण आमच्या धाराशिव जिल्ह्याला हे प्रकरण नवीन नाही. कळंब तालुक्यातलं येरमाळा घ्या. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. पालखी डोंगरावरून उतरून आमराईत येते, लाखो माणसं चुन्याचे खडे वेचतात. हा झाला देवीचा भाग. उरलेला भाग निव्वळ व्यापाराचा. बांगड्या, भांडी, रेवड्या, पाळणे, औषधं... आणि सगळे एकाच वेळी ओरडणार. अशा गलक्यात आपल्याच दुकानाकडे माणूस वळवायचा कसा? चांगला माल सगळेच आणतात. मग कुणी ढोलकीवाला बसवतो, कुणी माकड, आणि कुणी सोंग.

आमची आजी बिडीवाल्यांचं सोंग सांगायची. बैलगाडीवर फळ्या टाकून केलेला मंच, त्यावर गॅसबत्ती, आणि नऊवारी नेसलेली, पदर उडवत नाचणारी 'बाई'. ही बाई म्हणजे मिशी नुकतीच काढलेला बाप्या, हे पहिल्या रांगेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. ती मुरकायची, पाटलाला डोळा मारायची, आणि मध्येच कमरेची बिडी काढून असा काही झुरका मारायची की बाजार लोटपोट. मग गर्दीत बिड्या उधळल्या जायच्या. आजीला तो प्रकार मुळीच आवडायचा नाही. "बायकांची थट्टा करून धूर विकत्यात मेले," असं ती म्हणायची. पण आजोबा हसायचे आणि त्याच कंपनीची बिडी ओढायचे. म्हणजे जाहिरात लागू पडली म्हणायची!

आता आजी बरोबर की आजोबा? मला वाटतं दोघंही. तमाशातल्या गवळणीत पुरुषानं केलेली 'मावशी' बघा. ती थेट कृष्णाला दरडावते, त्याच्याशी हुज्जत घालते, आणि गाव खुशाल हसतं. कारण त्या मावशीत सगळ्यात जास्त फजिती तिची स्वतःचीच होते. बिडीच्या गाडीवर मात्र हसं कधी त्या नाच्याचं व्हायचं आणि कधी समोरून जाणाऱ्या बाईमाणसाचं. रेघ बारीक आहे, पण आजीला ती बरोबर दिसली होती.

ही रेघ नीट ओळखणारा माणूस आपल्याच मराठवाड्यात होऊन गेला. पैठणचे एकनाथ महाराज, सोळाव्या शतकातले. नाथांची भारुडं आपण शाळेत 'लोकशिक्षण' या रुक्ष शब्दाखाली शिकतो आणि गंमत हरवून बसतो. अहो, कीर्तनातल्या भारुडात सोंग उभं राहतं. जोशी येतो, वासुदेव येतो, गोंधळी येतो, विंचू चावलेला माणूस तळमळत येतो. विकायची आहे भक्ती, पण वेश घेतलाय बाजारातल्या ओळखीच्या माणसाचा. त्यांचं रोडग्याचं भारुड तर आम्हा तुळजापूरकडच्या लोकांना खास जवळचं. त्यातली सासुरवाशीण भवानीला रोडग्याचा नवस बोलते आणि मोबदल्यात सासरच्या एकेका माणसाची विल्हेवाट लावायला सांगते! चारशे वर्षांपूर्वी हे भर कीर्तनात. आज कुणी नव्यानं लिहिलं तर भावना दुखावल्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात असेल.

आणि नाथांनी महाराचंही सोंग घेतलं. त्यांच्या जोहारांत बोलणारा महार असतो, आणि शहाणपण त्याच्या तोंडी असतं. एका संवादात तर ब्राह्मणाला चार गोष्टी महारच ऐकवतो. ब्राह्मणानं महाराच्या वतीनं बोलावं का, असं आज कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे. पण ज्याचा वेश घेतला त्याला नाथांनी मूर्ख केलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

दुसरं उदाहरण गाडगेबाबांचं (१८७६–१९५६). अंगावर चिंध्यांचं कापड, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा, डोक्यावर नाहीतर हातात मडक्याचं खापर, आणि खराटा. जत्रेत शिरायचं, दिवसा घाण झाडायची आणि रात्री कीर्तनात त्याच लोकांना प्रश्न विचारून विचारून हसवायचं. देवापुढे बकरं कापण्यावर, दारूवर, कर्ज काढून सण करण्यावर ते बोलत, तेही जिथे बकरं कापलं जातं त्याच जत्रांत. याहून वादग्रस्त 'थीम' कुठली? तरी लोक ऐकत, कारण तो वेश कीर्तन संपल्यावर पेटीत जात नव्हता. २००० साली राज्यात त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. मग गावोगावच्या फेऱ्यांत शाळेतली पोरं कापसाची दाढी लावून गाडगेबाबा झाली. तीही गोडच दिसतात, पण फेरी संपली की खराटा कोपऱ्यात.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचा भाचा. त्याचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. कृषी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा म्हणून त्याचा फोन आला. "मामा, जबरी आयडिया आहे. स्टॉलवर पोतराज उभा करायचा. कॉलेजचं एक पोरगं पोतराज, दुसरं दुष्काळ. पोतराज दुष्काळाला सपासप कोरडे हाणणार. दुष्काळाला फटके!" ऐकून मला हसू आलं, नाही असं नाही. आमच्याकडच्या माणसाला दुष्काळाला चार फटके मारायला मिळाले तर तो रांग लावेल.

पण पोतराज कोण, ते जरा बघू या. कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा, वाढवलेले केस, कपाळभर हळदकुंकू, पायात घुंगरं. सोबत बायको, तिच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा. पटकी-देवीच्या साथी गावं रिकामी करत तेव्हा गावाची भीती ज्यानं आपल्या अंगावर घ्यायची, तो हा माणूस. आणि त्याचा कोरडा दुसऱ्या कुणावर पडत नाही, त्याच्या स्वतःच्याच पाठीवर पडतो. हे काम वाट्याला आलं ते बहुतेक मांग आणि महार घरांतल्या पोरांच्या, अनेकदा कळत्या वयाच्या आत, आईबापांच्या नवसापायी. बाबासाहेबांच्या चळवळीनं पोतराज, मुरळी, जोगतीण या प्रथा टाकून द्यायला सांगितलं ते उगाच नाही. पुढे अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांनी पोतराजांना विश्वासात घेऊन त्यांचे केस उतरवले. ज्यानं तो वेश उतरवायला आयुष्य घातलं, त्याला तोच वेश स्टॉलवर टाळ्या घेताना दिसावा?

मी भाच्याला एवढंच विचारलं, "तुझ्या स्टॉलवर खरा पोतराज, नाहीतर त्याचा शिकलेला मुलगा ठिबक बघायला आला तर?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग करू काय?" मी म्हटलं, "तूच दुष्काळ हो. पोट आहेच सुटलेलं, गावाचं पाणी पिऊन फुगलेला दुष्काळ म्हणून शोभशील. येणाऱ्या शेतकऱ्याला नळीनं तुझ्या अंगावर पाणी उडवू दे." (ताई, हे वाचून रागावू नकोस.)

म्हणजे थट्टेचं सोंग घेऊच नये, असं नाही. यमराजाचं बघा. नोव्हेंबर २०१९ मध्ये पश्चिम रेल्वेनं मुंबईत रुळांवर चक्क यमराज उतरवला होता. मुकुट, गदा, सगळा थाट. रूळ ओलांडणाऱ्याला तो खांद्यावर उचलून बाजूला नेई. मृत्यूची थट्टा, तीही देवाच्या वेशात! पण लोक हसले, कारण यमापुढे सगळे सारखे, कुणा एकाचा अपमान नाही. उलट बिडीच्या पुडक्यावरचं संभाजी महाराजांचं नाव लोकांना वर्षानुवर्षं खुपत होतं. आंदोलनं झाली आणि २०२१ मध्ये 'संभाजी बिडी'ची 'साबळे बिडी' झाली. तिथे तर विनोदही नव्हता, नुसतं नाव होतं.

राहता राहिला बहुरूपी. खाकी कपडे घालून दारात येणार, खोटं वॉरंट काढणार, 'चला चौकीवर' म्हणून आजोबांना दम देणार आणि मग भलत्याच लग्नाचं आमंत्रण सुरू. सरकारी वर्दी फसवण्याच्या हेतूनं घालणं भारतीय दंड संहितेच्या कलम १७१ प्रमाणे गुन्हा होता, २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. पण 'फसवण्याच्या हेतूनं' हे शब्द महत्त्वाचे. बहुरूपी फसवत नाही, कारण गावाला माहीत असतं. गाव त्याला ओळखतं, म्हणून त्याचं सोंग सोंग ठरतं.

ती ओळख संपली की काय होतं, हेही आपण पाहिलंय. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी तिथे भिक्षा मागत होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ज्या बाजारात परक्या वेशातल्या माणसाला पूर्वी पसाभर धान्य मिळायचं, तशाच बाजारात.

बहुरूपी, गोंधळी, वासुदेव, डवरी गोसावी हे सगळे सरकारी यादीत भटक्या जमाती आहेत. आज त्यांचे वेश लग्नाच्या दारात आणि प्रदर्शनाच्या स्टॉलवर दिसतात, पण आत बहुतेक वेळा इव्हेंटवाल्यानं रोजंदारीवर आणलेला कॉलेजकुमार असतो. मोरपिसांची टोपी तेवढी उचलली, टोपीखालचा माणूस गावाबाहेरच्या पालात राहिला. कंपन्यांना वासुदेव हवाच असेल तर खऱ्या वासुदेवाला बोलवा, त्याला सन्मानानं पैसे द्या, आणि विनोद काय करायचा ते त्यालाच ठरवू द्या. तो तुमच्या जाहिरातवाल्यापेक्षा चांगला करेल, त्याच्या घरात हे काम पिढ्यांचं आहे.

असो. बरंच लांबलं. तुमच्या गावच्या जत्रेत कुठली सोंगं यायची, काय विकायची, आणि कुणाला राग यायचा, हे आठवत असेल तर जरूर लिहा. विशेषतः येरमाळ्याची मामेभावंडं... तुमच्याकडे आजीच्या आणखी गोष्टी आहेत, मला माहीत आहे.