नंबर सुटला, यंत्र अडकले

पुणे-सोलापूर मार्गावरचे कुर्डुवाडी स्थानक जुन्या प्रवाशांना आठवत असेल. मोठ्या गाडीतून उतरायचे, बोचके उचलायचे आणि पंढरपूरला जायला बार्शी लाईट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीत जाऊन बसायचे. का? तर रुळांमधले अंतर वेगळे! एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. मोबाईल फोनच्या इतिहासातही असेच दोन रूळ होते. ते डोळ्यांना दिसत नसत, इतकेच.

आपल्याकडे मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले. ही व्यवस्था युरोपात घडलेली. तिचे नाव जीएसएम. तिच्यात गिऱ्हाइकाची ओळख सिमकार्डात असे. फोन आवडला नाही? कार्ड काढा, दुसऱ्या फोनात घाला, की झाले काम.

२००२ सालच्या अखेरीस रिलायन्सने दुसरा रूळ टाकला. हे तंत्र अमेरिकेतल्या क्वालकॉम कंपनीने वाढवलेले, सीडीएमए नावाचे. पुढच्याच पावसाळ्यात ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा, अशी योजना निघाली. फोन ही श्रीमंतांची चैन होती, ती सामान्यांच्या खिशात आली. हे श्रेय नाकारून चालणार नाही.

पण मेख होती ती इथेच. सुरुवातीच्या बहुतेक सीडीएमए फोनांत सिमकार्डच नसे. गिऱ्हाइकाची ओळख यंत्राच्याच पोटात नोंदलेली. कंपनी सोडली की चांगला चालता फोन कपाटात जाऊन पडे. नवा हवा, तर कंपनीच्या दुकानात असतील त्यांतलाच घ्यायचा. ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन भारतात आला, तोही जीएसएमचा. सीडीएमएवाल्याने तो काचेआडून पाहावा!

२० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. लोकांना वाटले, सुटलो. पण सीडीएमएचा माणूस जीएसएमकडे निघाला, तर नंबर बरोबर येई आणि यंत्र मागे राही. एव्हाना खुद्द रिलायन्स आणि टाटा यांनीही जीएसएमची सेवा सुरू केली होती. पुढे ४जी आले आणि दोन्ही घराणी एका वाटेला लागली. सीडीएमएचा रूळ उखडला गेला.

मग सगळे बंध तुटले म्हणायचे का? तसे नाही. २०१७ मध्ये जिओफोन आला. अनामत १५०० रुपये, पण कार्ड जिओचेच चालणार. इथे तंत्राचा अडसर नव्हता, कुलूप व्यापाराचे होते.

हा भेद ओळखायला शिकणे, हाच या इतिहासाचा धडा. दोन तंत्रे जुळत नाहीत, ही शास्त्राची अडचण. ती शास्त्रच कधीतरी सोडवते. जुळत असूनही जुळू द्यायची नाहीत, हा सौदा. स्वस्ताईच्या बदल्यात तो कोणी खुशाल करावा, पण आपण काय देऊन बसतो आहोत, हे पैसे मोजण्याआधी दुकानदाराला जरूर विचारावे.