कोकणातील खेडे : लोकसंख्या व दळणवळण – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
रस्ता आला की गावाची भरभराट होते व लोकवस्ती वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील खेड्यांचा इतिहास या समजास छेद देतो. प्रस्तुत लेखात या खेड्यांची लोकसंख्या व दळणवळण यांच्या परस्परसंबंधाचा आढावा घेतला आहे.

दळणवळणाचे टप्पे :
सह्याद्री व समुद्र यांच्यामधील या पट्ट्यात दीर्घकाळ जलमार्ग हाच मुख्य मार्ग होता. मुंबईत १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी जिल्हा हा कामगार पुरविणारा प्रमुख जिल्हा ठरला. हे चाकरमानी आगबोटीने जात-येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. या मार्गातील धोका त्यातून स्पष्ट होतो. १९४८ मध्ये राज्यात एस. टी. सेवा सुरू झाली व कालांतराने ती कोकणातील खेड्यांपर्यंत पोहोचली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली.

लोकसंख्येचे स्वरूप :
रेल्वेनंतरच्या पहिल्या पूर्ण दशकात, म्हणजे २००१ ते २०११ या काळात, रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ झाली. याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली होती. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत ११२२ व सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या. राज्याचे प्रमाण ९२९ होते. कर्ता पुरुष मुंबईत आणि घर, शेती व वडीलधारी माणसे स्त्रियांच्या भरवशावर, ही जुनी व्यवस्था या आकड्यांत दिसते. या घटीस केवळ रेल्वे कारणीभूत होती असे म्हणता येणार नाही. तथापि प्रवास सुलभ झाल्याने माणसे गावातच राहतात, हे गृहीतक येथे टिकत नाही. मार्ग दोन्ही दिशांना जातो. रोजगार एकाच दिशेला होता.

गाव आणि वाडी :
देशावरील गाव बहुधा एकवट वसलेले असते. कोकणातील गाव मात्र वाड्या-वाड्यांत विखुरलेले असून दोन वाड्यांमध्ये डोंगर किंवा व्हाळ असू शकतो. जनगणनेच्या ग्रामनिर्देशिकेत सुविधांची नोंद महसुली गावानुसार होते. त्यामुळे एका वाडीत एस. टी. थांबली तरी संपूर्ण गावास बससेवा उपलब्ध असल्याची नोंद होते. पलीकडच्या वाडीतील रुग्णास डोलीतून रस्त्यापर्यंत आणावे लागत असेल, तर ते या नोंदीत उमटत नाही.

२००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने गावाऐवजी वस्ती हे एकक मानले, ही मोठी सुधारणा होय. परंतु पात्रतेसाठी सपाट प्रदेशात ५०० व डोंगराळ राज्ये आणि विशेष क्षेत्रांत २५० लोकसंख्येची अट ठेवली. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यासाठी २०११ च्या जनगणनेचा आधार घेण्यात आला. ज्या जनगणनेत कोकणाची घट नोंदली गेली, तीच येथे मोजमाप ठरली. माणसे गेल्याने वाडी लहान होते आणि लहान झाल्याने ती रस्त्याच्या निकषात बसत नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

निष्कर्ष :
गणेशोत्सवात व शिमग्यात हीच वाडी माणसांनी भरून जाते. मुंबईत मोजल्या गेलेल्या या कुटुंबांचा गावातील घर, जमीन व ग्रामदैवताशी असलेला संबंध तुटलेला नसतो. म्हणून कोकणातील रस्त्यांची गरज केवळ शिरगणतीवरून ठरविणे अपुरे आहे. वाडीपासून बसथांब्याचे व दवाखान्याचे प्रत्यक्ष अंतर आणि मागे राहिलेल्या वृद्धांचे प्रमाण हे निकषही विचारात घेणे आवश्यक आहे. ज्या वाडीत माणसे थोडी व वृद्ध अधिक, तिला रस्त्याची निकड कमी नसून अधिकच असते.