'पुढे' कुठे गेलं? अब्बांच्या सीडीचा आणि काही चिन्हांचा इतिहास

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये यवतमाळच्या घरातलं लोखंडी कपाट आवरताना अब्बांची एक सीडी सापडली. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी घराण्याची, मुहल्ल्याची आणि दारव्हा-दिग्रस भागातल्या आपल्या नोकरीची हकीकत चाळीसेक पानांत लिहून काढली. २००४ साली गावातल्या एका डीटीपीवाल्या मुलाकडून ती टाइप करून घेतली. कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडता यावी म्हणून त्या मुलानं ती वेब पेजच्या स्वरूपात सीडीवर भरून दिली. मूळ वह्या नंतर वाळवीनं खाल्ल्या. अब्बाही गेले. उरली ती ही सीडी.

मी फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. मी सॉफ्टवेअरचंच काम करतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा एक छोटा प्रोग्राम तासाभरात लिहिला आणि निघालेली पानं छापून अम्मीच्या हातात दिली. अम्मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिनं चष्मा लावून दोन दिवस वाचलं आणि विचारलं, "बेटा, ये 'पु' कौन है? हर दूसरे पन्ने पे आके गायब हो जाता है."

मी पाहिलं. खरंच होतं. "१९५६ साली आपलं वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं. पु" आणि परिच्छेद खलास. एका ठिकाणी "शाळेतून माझं नाव का", जणू अब्बा प्रश्न विचारत होते. एका ठिकाणी नुसतं "वा". काही ठिकाणी मजकूर मध्येच पुन्हा सुरू व्हायचा, तोही डोकं उडालेल्या 'ाला', 'ाली' अशा शेपटांनी. मी अम्मीला सांगितलं, सीडीवर ओरखडे पडले असतील, जेवढं वाचलं तेवढं नशीब.

ते खरं नव्हतं. सीडी धडधाकट होती. चूक माझी होती. ती समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल.

टाइपरायटरची कळ आणि मराठीचं अक्षर

कॉम्प्युटरवर मराठी आली तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र जागा नव्हती. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक १९९१ साली ठरलं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या मसुद्यावर बेतलेली. पण मानक ठरणं वेगळं आणि तालुक्याच्या गावातल्या दुकानात ते पोचणं वेगळं. लग्नपत्रिका, उर्साची पत्रकं, शाळांच्या स्मरणिका पेजमेकरवर जुळवल्या जात, आणि पेजमेकरला युनिकोड कळत नसे. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक व्यवहारी तोड काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवली. टाइपरायटरवर हात बसलेल्या माणसाला तीच कळपाटी मिळाली आणि काम सुरू झालं.

आपल्याकडे सर्रास वापरला गेलेला 'कृती देव' याच जातीचा. त्यात इंग्रजी 'डी' म्हणजे क, 'के' म्हणजे काना, 'ई' म्हणजे म. य हे अक्षर अर्धविरामाच्या जागी आहे. म्हणजे अशा फाइलमध्ये 'यवतमाळ' हे नाव अर्धविरामानं सुरू होतं. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, कारण ती कागदावर आधी दिसते. आणि ज्यानं माझा घात केला तो तपशील असा, की ढ बसला आहे 'पेक्षा लहान' या कोनी चिन्हाच्या जागी आणि झ बसला आहे 'पेक्षा मोठे' या चिन्हाच्या जागी.

वेब पेज ज्यांनी कधी आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पानावर जे दिसतं त्यामागे सूचनांची एक जाळी असते. इथे परिच्छेद सुरू, इथे ठळक, इथे अमुक फॉन्ट. प्रत्येक सूचना या दोन कोनी चिन्हांच्या मध्ये लिहिलेली असते. मजकूर आणि सूचना एकाच ओळीत, एकामागोमाग.

एकाच शाईचा प्रश्न

मजकूर आणि मजकुराविषयीच्या खुणा एकत्र आल्या की त्या वेगळ्या ओळखायच्या कशा, हा प्रश्न जुना आहे. कुरआनच्या सुरुवातीच्या प्रतींत स्वरांच्या खुणा नव्हत्या. परंपरा पहिल्या खुणांचं श्रेय सातव्या शतकातल्या बसऱ्याच्या अबुल अस्वद अद्-दुअली यांना देते. त्या खुणा म्हणजे ठिपके होते, आणि ते काळ्या अक्षरांवर बहुधा लाल शाईनं दिलेले असत. मूळ मजकूर कोणता आणि वाचणाऱ्याच्या सोयीची खूण कोणती, हे रंगावरूनच कळायचं. पुढच्या शतकात खलील इब्न अहमद यांनी आकारानंच वेगळ्या दिसणाऱ्या खुणा रूढ केल्या. आपण ज्यांना जेर, जबर, पेश म्हणतो त्यांचं मूळ तिथे आहे.

आपल्या मोडीत अडचण दुसऱ्या टोकाची. आधी कागदभर शिरोरेघ ओढायची आणि तिला लटकवत अक्षरं लिहीत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. मोडी वाचायला बसलेल्या माणसाचं पहिलं काम अर्थ लावणं हे नसतं. कुठे तोडायचं हे ठरवणं असतं.

तोडण्यानं अर्थ कसा फिरतो याचं उदाहरण आमच्या गावाच्या नावातच आहे. यवतमाळ म्हटलं की आपण 'यवत' आणि 'माळ' असं तोडतो आणि डोळ्यांपुढे पठार येतं. जिल्ह्याचं गॅझेटिअर वेगळं सांगतं. त्यानुसार 'माळ' हा 'महाल' या शब्दाचा अपभ्रंश आहे. महाल म्हणजे मोगल काळातला महसुली विभाग. आईन-ए-अकबरीत हे ठिकाण 'योत-लोहारा' म्हणून येतं, आणि लोहारा हे गाव आजही यवतमाळला खेटून आहे. एका तोडीत भूगोल निघतो, दुसरीत राज्यकारभाराचा इतिहास.

वेब पेजला लाल शाई नाही. सगळं एकाच शाईत. म्हणून तिथे आधी तोडणारा लागतो. त्याला लेक्सर म्हणतात.

लेक्सर कुठून आला

टोकन हा शब्द आपल्याकडे कापूस खरेदी केंद्रावरच्या रांगेनं सगळ्यांना शिकवला आहे. लेक्सर हेच करतो. अक्षरांची सलग रांग घेतो, तिचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याला त्याच्या जातीचं टोकन देतो: ही उघडणारी सूचना, ही मिटणारी सूचना, हा शेरा, हा मजकूर. अर्थ लावणं त्याचं काम नाही. ते पुढच्याचं.

याचा पाया गणितात आहे. स्टीफन क्लीन या अमेरिकन गणितज्ञानं अक्षरांच्या रांगेतले नमुने थोडक्या चिन्हांत कसे लिहावेत याचा सिद्धांत मांडला, तो १९५६ साली प्रसिद्ध झाला. १९६८ साली केन थॉम्पसन यांनी असे नमुने मजकुरात शोधणारा प्रोग्राम कसा बनवायचा ते दाखवलं. १९७५ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी 'लेक्स' तयार केला. आपण फक्त नमुन्यांची यादी द्यायची, तोडणारा प्रोग्राम लेक्स स्वतः लिहून देतो. हे श्मिट म्हणजे पुढे गूगलचे प्रमुख झालेले तेच. १९८०च्या दशकात व्हर्न पॅक्सन यांनी त्याचीच अधिक वेगवान आवृत्ती 'फ्लेक्स' लिहिली.

वेब पेजच्या भाषेचं, म्हणजे एचटीएमएलचं घराणं १९८६ साली मानक ठरलेल्या एसजीएमएल या भाषेचं. ती इतकी गुंतागुंतीची होती की तिचे तुकडे नेमके कसे पाडायचे यावर सुरुवातीच्या प्रोग्रामांत एकमत नव्हतं. १९९६ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियममधले डॅन कॉनॉली यांनी फ्लेक्स वापरून फक्त या तोडण्याच्याच कामाचा एक मसुदा काढला. नुसतं तोडण्यासाठी वेगळा दस्तऐवज लागावा, यावरूनच त्यात किती चुका होत असतील ते कळतं. पुढे २०१४ साली मानक म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये हे काम पायरी-पायरीनं लिहून ठेवलं गेलं. उघडणाऱ्या कोनी चिन्हापुढे इंग्रजी अक्षर आलं तर सूचना सुरू झाली असं माना; जागा किंवा आकडा आला तर ते चिन्ह साधा मजकूर आहे असं माना. पान कितीही बिघडलेलं असो, सगळ्या ब्राउझरांनी ते एकाच जागी तोडलं पाहिजे.

माझी चूक

आता अब्बांच्या फाइलकडे येऊ. मजकुरातलं कोनी चिन्ह सूचनेत मिसळू नये म्हणून वेब पेजमध्ये ते सांकेतिक रूपात लिहायचं असतं. डीटीपीवाल्या मुलाच्या कॉम्प्युटरनं ते काम चोख केलं होतं. अब्बांचा प्रत्येक ढ आणि प्रत्येक झ त्या फाइलमध्ये संकेताच्या वेष्टनात सुरक्षित होता.

मी काय केलं? तोडलंच नाही. आधी सरसकट सगळी वेष्टनं सोडली. त्यासरशी सगळे ढ आणि झ उघडी कोनी चिन्हं झाले. मग दोन कोनी चिन्हांच्या मधलं सगळं सूचना समजून पुसून टाकलं. 'पुढे'मधला 'पु' राहिला आणि ढ पासून पुढच्या झ पर्यंत किंवा परिच्छेदाच्या शेवटापर्यंत सगळं गेलं. 'काढलं'मधला 'का' राहिला. 'झाला' आणि 'झाली' यांची शेपटं राहिली. पुढे हा शब्द गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या तोंडी किती वेळा येतो, ते अब्बांच्या पानांवरच्या भोकांवरून कळत होतं.

शिवाय सूचना पुसल्यामुळे फॉन्टची नावंही गेली. अब्बांनी आपल्या जुन्या प्रमाणपत्रावरच्या दोन ओळी इंग्रजीत उतरवल्या होत्या. ते इंग्रजी आहे हे फक्त तिथली फॉन्टची सूचना सांगत होती. माझ्या प्रोग्रामनं त्या ओळीही कृती देव समजून देवनागरीत फिरवल्या आणि त्यांचा कचरा केला.

दुसऱ्यांदा मी फ्लेक्स घेऊन नीट बसलो. आधी मूळ फाइल जशी आहे तशी तोडली. सूचनांची टोकनं वेगळी, मजकुराची वेगळी. फॉन्टची सूचना आली की सध्या कोणता फॉन्ट चालू आहे ते लक्षात ठेवलं. मग फक्त मजकुराच्या टोकनांची वेष्टनं सोडली, आणि त्यातलीही फक्त कृती देवमधली देवनागरीत आणली. शेवटी वेलांट्या आपापल्या जागी हलवल्या. सगळ्या ओळी मिळून प्रोग्राम पहिल्यापेक्षा फार मोठा झाला नाही. फरक होता तो क्रमाचा.

'वा' म्हणजे वाढोणा

सगळी पानं परत आली. १९५६ सालच्या 'पु'नंतर अब्बांनी लिहिलं होतं की शाळेतला भिंतीवरचा नकाशा जुनाच राहिला आणि मास्तरांनी नव्या राज्याची हद्द खडूनं काढून दाखवली. शाळेतून त्यांचं नाव 'का' नव्हतं, 'काढलं' होतं, कारण घरात कमावणारं कोणी नव्हतं. आणि 'वा' म्हणजे वाढोणा. तिथे त्यांची फुफी राहायची. तिनं हातातले चांदीचे कडे विकून त्यांना पुन्हा शाळेत घातलं. हे कडे विकल्याचं अम्मीला माहीत होतं, मला नव्हतं. फुफीचा फोटो नाही, कबरीवर पाटी नाही. कागदावर ती फक्त या एका परिच्छेदात आहे, आणि मी तो सीडीच्या ओरखड्यांच्या नावावर सोडून देणार होतो.

मराठी मुसलमानांचा स्थानिक इतिहास लिहिलेला नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती खरी आहे. पण जो लिहिला गेला त्यातला बराचसा गावोगावच्या अशाच फाइलींत पडलेला आहे: मशिदीच्या ट्रस्टचे अहवाल, मदरशांच्या स्मरणिका, निवृत्त शिक्षकांच्या आठवणी. तुमच्या घरात अशी सीडी असेल तर ती उघडल्यावर चिवडा दिसला म्हणून टाकू नका. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत करा, आतमध्ये फॉन्टचं कोणतं नाव आहे ते टिपून ठेवा, आणि रूपांतर झाल्यावर ते घरातल्या जुन्या माणसाला वाचायला द्या. माझा प्रोग्राम चुकला हे मला कुठल्याही यंत्रानं सांगितलं नाही.

नवी प्रत अम्मीनं पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. वाढोण्याच्या पानावर थांबली. म्हणाली, "कडे नहीं थे, तोडे थे. पाँव के." अब्बांचा मजकूर मी बदलला नाही. समासात पेन्सिलीनं तिचं म्हणणं लिहून ठेवलं आहे. लाल पेन्सिलीनं.